न पुकारलेली गाडी

१२ जानेवारी

प्रिय धाकटे,

आधी कामाचं. परवाचा कॉल बिघडला त्यात तुझा दोष नाही, माझा नाही, आणि बाबांचा तर मुळीच नाही. घंटी वाजली, तू उचललास आणि पुढे दोन्हीकडे नुसती शांतता. लगेच पत्र टाकलंस, "ताई, तुझ्या त्या ॲपचं काही खरं नाही." बाई गं, मी दिवसभर ऑफिसात दुसरं काय करते? एकाचं ॲप एक, दुसऱ्याचं दुसरं, कॉल लागतो पण बोलणं होत नाही, की लोक मला शोधत येतात. माझ्याच घरचा कॉल मुका राहिला हे कळलं तर माझी काय शोभा राहील!

झालं असं. तुमच्या बोगद्याच्या साइटवर कंपनीचंच ॲप चालतं, तेही त्या एका केबिनमध्ये. आपल्या घरी दुसरं. दोघंही एकमेकांना घंटी देऊ शकतात. पण आवाज बांधून पाठवायची प्रत्येकाची पद्धत वेगळी. आपल्याकडून पुरचुंडी आली ती तुमच्याला सोडवेना, तुमची आपल्याला सोडवेना. या बांधणीला आमच्यात कोडेक म्हणतात. दोघांनाही येणारी एक जुनी, साधी बांधणी असते. ती मी आता सगळ्यात वर लावून ठेवलीय. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येईल, पण येईल.

तू विचारलंस की कॉल लावायचं खरंच बाबांच्या मनात आलं, की ही माझी शिष्टाई. शपथेवर सांगते, त्यांच्याच. मी काही बोलले नव्हते. मागच्या आठवड्यात जेवण झाल्यावर त्यांनी तुझ्या फोटोकडे बोट केलं, मग फोनकडे. एवढंच. इतक्या वर्षांनी असं काय झालं, असं तुझ्या मनात येणार. म्हातारपण आलं म्हण आणि सोडून दे.

प्रकृती बरी आहे. पावसाळ्यानंतर घशाचं एक लहानसं काम करून घेतलं, ते चांगलं झालं. जेवतात, फिरून येतात, वर्तमानपत्रावर रागावतात. काळजी नको.

रविवारी दुपारी केबिनमध्ये थांब.

तुझी,
ताई


२७ जानेवारी

धाकटे,

हसू नकोस. तुला माझं सगळं ऐकू येत होतं आणि मला तुझं काहीच नाही, हे मला तुझं पत्र आल्यावर कळलं. मी आपली वेड्यासारखी "हॅलो, हॅलो, अगं बोल की" करत होते आणि तू तिकडे ओरडत होतीस, "ताई, बहिरी झालीस का?" केबिनमधले सगळे हसले म्हणतेस. हसू दे. बाबांच्या हातात फोन देण्याआधीच मी तो ठेवून दिला, ते बरं केलं.

कारण सापडलं. आपल्या ॲपने तुमच्या ॲपला स्वतःचा पत्ता दिला, तो घराच्या आतला. म्हणजे कुणी पत्ता विचारावा आणि आपण सांगावं, "स्वयंपाकघराला लागून डावीकडची खोली." बाहेरच्या माणसाला त्याचा काय उपयोग? त्याला गल्ली लागते, घराचा नंबर लागतो. तुझा आवाज बिचारा निघाला आणि दार न सापडून वाटेतच राहिला. आता बाहेरचा खरा पत्ता देईल अशी सोय केलीय. माझ्या ऑफिसातून तुमच्या केबिनला कॉल लावून पाहिला, तुमच्या स्टोअरकीपरशी बोलले. भला माणूस आहे. "मॅडम, तुमची बहीण आत गेलीय, बोगद्यात, मापं घ्यायला," म्हणाला. 'मॅडम' मला म्हणाला, पण तुझ्याबद्दल बोलताना त्याच्या आवाजात जो आदर होता तो मी डबीत भरून घरी आणला.

तू लिहिलेलं बाबांना वाचून दाखवलं. डोंगराच्या दोन्ही बाजूंनी खोदत यायचं, मध्ये कुणाला कुणी दिसत नाही, आणि तरी दोन्ही तोंडं समोरासमोर यायला हवीत. आली नाहीत तर ती चूक तुझी, कारण खोदायची रेघ तू आखलेली. बाबांनी खूण करून तो भाग पुन्हा वाचायला लावला. मग खिडकीशी जाऊन उभे राहिले. पाठीवरूनच कळत होतं. एसटी स्टँडवर गाड्या पुकारायचे तेव्हा कुणी "काय आवाज आहे हो तुमचा!" म्हटलं की अशीच ताठ व्हायची ना ती पाठ?

पुढच्या रविवारी, तीच वेळ.

ताई


१६ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना बसून वाचलं.

मी तुला काय घडलं ते सांगते, त्यात माझ्या पदरचं काही घालत नाही. कॉल मी लावला. "ताई, तुझा आवाज खणखणीत येतोय," असं तूच म्हणालीस. मी फोन बाबांच्या हातात दिला. त्यांनी मला दाराकडे बोट दाखवलं. मी बाहेर गेले, दार लावून घेतलं. पुढचं मी ऐकलेलं नाही. थोड्या वेळाने ते बाहेर आले. मी विचारलं, "बोललात ना तिच्याशी?" त्यांनी मान हलवली. हो म्हणून.

आणि तू लिहितेस की ते काहीच बोलले नाहीत. तू "बाबा, मी आहे, बोला ना" म्हणत राहिलीस आणि पलीकडे श्वाससुद्धा नाही. त्यानंतरच्या रविवारीही तेच. "कॉल चालू आहे, माणूस समोर आहे, आणि तोंड उघडत नाही. त्या दिवशीही असेच बसले होते, काचेमागे, माईकसमोर."

मला तो दिवस आठवतो, तू घर सोडून निघालीस तो. मीच तर तुझी पिशवी धरून उभी होते. अख्ख्या स्टँडला ठाऊक होतं की माईकवाल्यांची धाकटी त्यांच्या खुर्चीवर बसणार. आवाज तुझा त्यांच्यावर गेलेला, शाळेत प्रार्थना सांगायचीस तर रस्त्यावरचे लोक थांबायचे. आणि तू म्हणालीस, मला डोंगर पोखरायचाय. त्या दिवशी तुझ्या आधीची गाडी पुकारली, नंतरचीही पुकारली. तुझी तेवढी नाही. ती तशीच निघाली, कुणी न पुकारता. तू खिडकीतून काचेकडे पाहत होतीस. हे मला विसरायला सांगू नकोस असं तू लिहितेस. मी सांगतही नाही.

पण कॉलबद्दल मला पटत नाही. मी पुन्हा सगळं तपासलं. बांधणी बरोबर, पत्ता बरोबर. मी बोलले की जातं, वाण्याच्या पोराला बोलायला लावलं, त्याचंही जातं. घरात पाण्याची मोटर चालू करून बोलले, वर मिक्सर लावला. तरी माझं बोलणं स्वच्छ, आणि मोटर-मिक्सर पलीकडे ऐकूसुद्धा येत नाहीत, इतकं चांगलं ॲप आहे. मग उरतं एकच, आणि ते मला लिहावंसं वाटत नाही.

काल त्यांना म्हटलं, "बाबा, मला खरं सांगा. बोललात की नुसते बसलात?" असं पाहिलं माझ्याकडे, की विचारल्याची लाज वाटली. मग त्यांना एक नंबर लावून दिला. तो आमच्या ऑफिसचा तपासणीचा नंबर. तिथे माणूस नसतो. आपण जे बोलू तेच थोड्या वेळाने आपल्याला परत ऐकू येतं. म्हटलं, एकटे असाल तेव्हा लावून बघा, कुठे अडतंय ते कळेल.

आणखी एक. नव्या कामाच्या सहीचं लिहिलंयस ते वाचलं. पुढचा बोगदा आणखी दूर, आणि तो घेतला तर यंदाची रजा नाही, पुढचीही सांगता येत नाही. मार्चअखेर उत्तर द्यायचंय. "बाबांनी तोंड उघडलं तर आधी घरी येईन, नाहीतर सही करते आणि विषय संपवते." तुझं खरं आहे. पण दोन हट्टी माणसांच्या मध्ये मी किती वर्षं नुसती वायर होऊन राहायचं, तेही एकदा सांग.

ताई


५ मार्च

धाकटे,

तू आता माझाही कॉल घेत नाहीस. स्टोअरकीपर म्हणाला, "बाई कामात आहेत," आणि त्याला खोटं बोलता येत नाही. म्हणून हे पत्र. फोन मध्येच ठेवता येतो. पत्र शेवटपर्यंत वाचावं लागतं. वाच.

काल ऑफिसात लाइट गेली म्हणून दुपारीच घरी आले. दार ढकललं आणि आतून आवाज आला. बंद खोलीतून. बाबांचा.

इथे मला तुला ते सांगायचंय जे सांगायचं नाही असं मी बाबांना वचन दिलं होतं. घशाचं काम लहानसं नव्हतं. स्वरयंत्र काढून टाकावं लागलं, सगळंच. गाठ होती. ती गेली, डॉक्टर म्हणतात बाबा सुखरूप आहेत, ते खरं आहे आणि मी त्यात काही लपवत नाही. पण आवाज गेला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पाटी मागितली आणि पहिलं वाक्य लिहिलं, "धाकटीला कळवायचं नाही." दुसरं लिहिलं, "चहा."

आता ते एका यंत्राने बोलतात. टॉर्चएवढं असतं. गळ्याला टेकवून बटण दाबायचं, ते गुणगुणतं, आणि आपण नुसते ओठ आणि जीभ हलवायची. त्या गुणगुणीचेच शब्द होतात. बाबांनी त्याचं नाव ठेवलंय भुंगा. पहिले काही दिवस नुसतीच घरघर निघायची. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, या वयात बरेच जण कंटाळून सोडून देतात आणि पाटीवर येतात. बाबा सोडणार? ज्यांनी "गाडी सुटण्याच्या बेतात आहे" मधला एकही शब्द आयुष्यात गिळला नाही ते? रोज सकाळी आरशासमोर. आता बाई इतर पेशंटना त्यांचं उदाहरण देतात. परवा त्यांनी नव्या पेशंटला समजावताना बाबांनाच बोलायला उभं केलं, आणि मी मागच्या बाकावर बसून अशी फुगले, की माझीच मला लाज वाटावी.

तर काल. दाराबाहेर उभी राहून मी ऐकलं. भुंग्याला सूर एकच, चढ नाही, उतार नाही. पण शब्द असे सुटे आणि स्वच्छ, की लहानपणी स्टँडच्या भोंग्यातून यायचे ना, तसेच. काय बोलत होते ते मी लिहिणार नाही. ते तुझं आहे.

बोलून ते थांबले. मग फोनमधून परत ऐकू यायला हवं होतं, कारण तो तपासणीचा नंबर होता. काहीही आलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं. पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा त्यांनी इतकं हळू, इतकं काळजीपूर्वक म्हटलं की मला राहवेना, मी दार उघडलं.

ते रागावले नाहीत. भुंगा बाजूला ठेवला, पाटी ओढली आणि लिहिलं, "यंत्रालाही कळत नाही. तिला काय कळणार."

आलं लक्षात? ते बोलत होते, धाकटे. दोन्ही रविवारी बोलले. तू "बोला ना" म्हणालीस की आणखी स्पष्ट बोलले. त्यांना वाटलं, तुला आपलं बोलणं समजत नाही, आपला आवाज आता माणसाला समजण्याजोगा राहिला नाही. म्हणून मला काही न सांगता दार लावून सराव चालला होता. आणि तुला वाटलं, हट्टाने गप्प बसलेत. आणि मी, जिचा हा धंदा, मी माझाच आवाज तपासत बसले, वाण्याच्या पोराचा तपासला. ज्याचा आवाज जात नव्हता त्याचा सोडून सगळ्यांचा.

मी तिथेच खाली बसले आणि मला मिक्सर आठवला. मोटर आठवली. आपलं ॲप इतकं शहाणं, की एकसारखी घरघर कानावर पडली की समजतं, हे यंत्र आहे, माणूस नाही, आणि पुसून टाकतं. मी म्हटलं, "बाबा, तुमचं बोलणं उत्तम आहे. हे ॲप तुम्हाला पंखा समजतंय!"

क्षणभर त्यांना कळेना. मग भुंगा गळ्याला लावला आणि म्हणाले, "पंखा?"

"पंखा. नाहीतर मिक्सर."

"मला?" म्हणाले. "अख्खा स्टँड माझ्या आवाजावर हलायचा. आणि हे मला मिक्सर म्हणतं?"

आणि हसले गं. हसण्याचा आवाज येत नाही आता, नुसते खांदे हलतात. इतके हलले की खुर्ची वाजली. मी रडत होते की हसत होते, मला विचारू नकोस.

आवाज साफ करायची ती सोय मी लगेच बंद केली आणि तो तपासणीचा नंबर पुन्हा लावला. ते बोलले. थांबले. आणि फोनमधून त्यांचं त्यांना परत ऐकू आलं, शब्दन् शब्द. ऑपरेशननंतर स्वतःचं बोलणं त्यांनी पहिल्यांदा बाहेरून ऐकलं. नाक थोडं मुरडलं आणि म्हणाले, "शेवटचा शब्द नीट नाही आला. पुन्हा लाव."

मला वाटलं, जिंकले. पण आज ऑफिसातून तुमच्या केबिनला लावून पाहिलं, बाबांच्या बोलण्याचा नमुना ऐकवला, तर स्टोअरकीपर म्हणतो, "मॅडम, काही येत नाही." तुमच्याकडे ड्रिल, जनरेटर, डंपर. तुमच्या ॲपने येणारा आवाजही गाळायचा चंग बांधलाय. ते गाळणं मला इथून बंद करता येत नाही, आणि ते प्रत्येकाच्या स्वतःच्या नावाखाली असतं, त्यामुळे स्टोअरकीपरलाही नाही. ते तुझ्याच हातात आहे. ॲपमध्ये 'आवाज' असं लिहिलेल्या पानावर जा, अगदी तळाशी गोंगाट कमी करण्याचं बटण असेल, ते बंद कर. आमच्या कानात तुमचा डंपर घुसेल. घुसू दे.

हे तुला सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं. मी बाबांसमोर बसले आणि म्हटलं, "तुमचं वचन मोडल्याशिवाय हे जमणार नाही. तिला कारण हवं." बराच वेळ ते भुंगा हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "सांग. पण दया येईल असं लिहू नकोस."

मी दया येईल असं कुठे लिहिलं असेल तर ती ओळ गाळून वाच. मला दया वाटत नाही. मला असा अभिमान वाटतोय की ऑफिसला जाताना रस्त्यातल्या माणसांना थांबवून सांगावंसं वाटतं.

२२ तारखेच्या रविवारी, तीच वेळ. सही त्यानंतर कर.

ताई


२३ मार्च

लाडके,

तुझ्या बाजूचं तुला माहीत आहे. माझ्या बाजूचं तुला दिसलं नाही, ते लिहून ठेवते.

बाबांनी काल सकाळीच दाढी केली. स्टँडवर घालायचे तो पांढरा शर्ट काढला. आता तो खांद्यावर सैल होतो. गळ्याशी जो रुमाल बांधतात ना, जखमेच्या जागेवर, तोही पांढरा शोधून काढला. मी कॉल लावला, "ये गं, उचल" असं मनात म्हणत. तू उचललास. तुझ्यामागे तो डंपर असा गरजत होता की मला कळलं, बटण बंद केलंयस. मी फोन टेबलावर ठेवला, सवयीने उठले आणि दाराकडे निघाले.

"थांब," बाबा म्हणाले. "दार उघडं राहू दे."

आणि उभे राहिले. तुला आठवतं, इतर सगळे बसून पुकारायचे, बाबा मात्र उभे राहून? तसेच. एक हात टेबलावर, एका हाताने भुंगा गळ्याशी.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. डोंगरापलीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे. गाडी सुटण्याच्या बेतात आहे."

त्या दिवशीची. तुझी गाडी. माझ्या हातात अजून तुझी पिशवी असल्यासारखं झालं मला.

आम्हाला फक्त डंपर ऐकू येत होता. बाबांच्या चेहऱ्यावरून एकेक रंग उतरताना मी पाहिला. त्यांना वाटलं, याही वेळी नाही पोचलं. मी वाकून बघतेय की माईक बंद तर नाही, आणि ते भुंगा खाली ठेवायला निघाले, तेवढ्यात तू बोललीस.

"हो, पण कुठल्या फलाटावर?"

धाकटे, मी इतकी वर्षं त्यांना ओळखते. जेवताना किती वेळा ऐकलंय आपण ते? लोकांना इतकं स्पष्ट पुकारून सांगावं, आणि तरी एक जण खिडकीशी येऊन विचारणारच, आमची गाडी कुठे लागली हो? किती चिडायचे! कालही क्षणभर तसेच चिडले. भुंगा पुन्हा गळ्याशी गेला.

"तीन! एकदा पुकारलं की लक्ष द्यावं!"

मग तू ते हसलीस, मोठ्याने, लहानपणीचं. आणि नंतर जे तुमचं दोघांचं झालं ते मी ऐकलं, पण मी ते पत्रात घालत नाही. एकच घालते, कारण डंपरमध्ये ते तुला नीट आलं नसेल तर? बाबा म्हणाले, "सही कर. बोगदा मोठा आहे. पण आधी घरी ये." दोन्ही बाजूंनी खोदत आलात दोघं, आणि रेघ बरोबर निघाली.

फोन ठेवल्यावर ते खुर्चीत बसले. मी चहा टाकला. कप हातात दिला तर तो बाजूला ठेवून पुन्हा भुंगा उचलला आणि मला म्हणाले, "एवढं स्वच्छ पुकारलं, तरी विचारते."

भुंग्याला सूर एकच असतो. कौतुक आणि तक्रार त्यातून सारखीच ऐकू येते. तू चेहरा पाहायला हवा होतास.

तुझी,
ताई